‘परवास कसलो गो?’ – उद्योजकांवर संशोधन करताना रूपकं कशी ओळखायची

२००९ च्या पावसाळ्यात, लालबागमधल्या एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, माझी पीएच.डी.ची प्रश्नावली एका वाक्यात निकालात निघाली. समोरच्या मावशी गिरणी कामगारांसाठी खानावळ चालवत आलेल्या. माझी आईही तेच करायची, त्यामुळे इथं काही अडणार नाही अशी माझी खात्री. मी कागद बघून विचारलं, “मावशी, तुमच्या व्यावसायिक प्रवासातला सगळ्यात खडतर टप्पा कोणता?” परातीतला हात थांबला. “परवास कसलो गो बाय? मी तर हयच बसलंय. चाळीस वर्सां ही चूल विझूक दिलंय नाय, ह्यां लिवन घे.”

लिहून घेतलं. पण ते प्रबंधात घालायचं कुठं? माझ्या तक्त्याचे रकाने ठरलेले होते: सुरुवात, टप्पे, अडथळे, यश. त्याआधी पंधरा बायकांनी मला हवी तशी उत्तरं दिली होती. हो, प्रवास कठीण होता. हो, वाट सोपी नव्हती. त्यावर मी ‘महिला उद्योजक आपल्या व्यवसायाकडे प्रवास म्हणून पाहतात’ असं प्रकरण लिहायच्या बेतात होते. तो शब्द त्यांचा नव्हताच. मीच तो त्यांच्या हातात ठेवला होता आणि घरी आलेल्या शिकलेल्या पोरीचा मान राखायचा म्हणून त्यांनी तो मला परत केला होता.

आता मी दादरच्या बाजूच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवते आणि चार-पाच विद्यार्थ्यांची गाइड आहे. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला हा किस्सा पहिल्या दिवशी ऐकावा लागतो. पुढे मी त्यांच्याकडून जे करून घेते, ते इथे लिहिते आहे.

आधी स्वतःच्या प्रश्नांची झडती

शाळेत उपमेय-उपमान शिकलो तेवढं भांडवल पुरतं: ज्याबद्दल बोलतो ते उपमेय, ज्याच्याशी तुलना करतो ते उपमान. ‘धंदा बाळासारखा आहे’ ही उपमा. ‘धंदा माझं बाळ आहे’ हे रूपक. त्यातला ‘सारखा’ गळून पडला की आपण तुलना करतोय हेच विसरायला होतं. हा कवितेपुरता मामला नाही, रोजचा विचारच असा चालतो, असं १९८० साली जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या दोघांनी मांडलं. वेळेला पैसा मानलं की वेळ ‘वाचवता’ येतो, ‘वाया’ घालवता येतो, कुणाला ‘देता’ येतो. वादाला युद्ध मानलं की मुद्दा ‘लढवता’ येतो. एक उपमान घरात घेतलं की त्याचं सगळं गणगोत मागोमाग येतं.

म्हणून पहिलं काम: प्रश्नावलीची प्रिंट काढा, लाल पेन घ्या आणि जिथे उपमान लपलंय तिथे गोल करा. माझ्या २००९ च्या प्रश्नावलीत असे गोल केले तेव्हा ‘वाटचाल’, ‘टप्पा’, ‘वळण’, ‘अडथळा’, ‘मार्गदर्शक’, ‘शिखर’ असे नुसत्या पहिल्या पानावर सहा निघाले. मराठीत उद्योजकावर लिहायचं म्हटलं की ‘वाटचाल’ आणि ‘घोडदौड’ आपोआप बोटांतून उतरतात. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनी ती सवय लावली आहे.

प्रवास मानलं की काय काय पदरात पडतं ते बघा. प्रवासाला मुक्काम असतो, म्हणजे धंद्याला ध्येय हवं. प्रवासात पुढं जायचं असतं, म्हणजे जागच्या जागी राहणं ही नापासी. मावशी चाळीस वर्षं साधारण तेवढीच ताटं वाढत होत्या. माझ्या तक्त्यात त्या ‘वाढ खुंटलेली उद्योजक’ ठरत होत्या. त्यांनी दिलेलं उपमान घेतलं की निकषच बदलतो. चूल कुठं पोचली हे कुणी विचारत नाही. ती विझली का, हे विचारतात. मग प्रश्न सुचतात ते असे: १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्या दिवसांत ही चूल कशावर पेटती राहिली? उधारी कुणी दिली? जेवणारे गावाला गेले तेव्हा ताटावर कोण बसलं? माझ्या प्रबंधातलं सगळ्यात बरं प्रकरण या प्रश्नांतून आलं. ते मूळ आराखड्यात नव्हतं.

मी ‘प्रवास’ आणला कुठून, तर वाचनातून. सारा ड्राकोपुलू डॉड यांनी २००२ साली उद्योजकांच्या बोलण्यातली रूपकं अभ्यासली. त्यांत प्रवास आहे, शर्यत आहे, युद्ध, बांधकाम, पालकत्वही आहे. ते अमेरिकी उद्योजकांचं, तिथल्या संस्कृतीचं चित्र आहे असं त्या स्वतः स्वच्छ सांगतात. ते उचलून लालबागेत आणण्याचा उद्योग माझा.

मुलाखतीत शब्द पुरवू नका

यावर उपाय सोपा वाटतो, पण करताना जीभ वळवळते. सुरुवात कालच्या दिवसापासून करा. “काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?” यात उपमान जवळपास नसतंच. माणूस बोलत राहतो आणि दहाव्या मिनिटाला स्वतःचं उपमान स्वतः काढतो. तिथे थांबायचं आणि त्याचाच शब्द वापरून विचारायचं. “चूल म्हणालात. कसली चूल?” “त्या चुलीबद्दल आणखी काही?” “त्याच्या आधी काय होतं?” “मग काय झालं?”

ही माझी युक्ती नव्हे. डेव्हिड ग्रोव्ह नावाच्या न्यूझीलंडच्या मानसोपचारकाने १९८० च्या दशकात असे ‘स्वच्छ’ प्रश्न वापरायला सुरुवात केली, म्हणजे ज्यांत विचारणाऱ्याच्या शब्दांची भेसळ नाही असे. २०१४ साली टोझी, लॉली आणि मीस या तिघांनी व्यवस्थापनाच्या संशोधनात ही पद्धत कशी वापरायची ते दाखवलं. मराठीत ती फार सहज जमते, कारण “म्हणजे कसं?” हा आपला रोजचाच प्रश्न आहे. एकच सावधगिरी: सलग चार वेळा “म्हणजे कसं?” विचारलं की समोरची व्यक्ती वैतागते. दादरच्या रानडे रोडवर कानातली विकणाऱ्या एका ताईंनी माझ्या विद्यार्थ्याला सरळ विचारलं होतं, “तुला मराठी समजत नाही का रे?” गिऱ्हाईक आलं की गप्प बसायचं आणि संध्याकाळी पाचनंतर तिथं फिरकायचंच नाही, हे त्याला त्यानंतर कळलं.

आणि रेकॉर्डिंग बंद केल्यावर वही उघडी ठेवा. चांगली रूपकं चहा आल्यावर निघतात.

उतारा वाचताना: ‘बसणे’ या एका क्रियापदाची गोष्ट

मुलाखत लिहून काढली की रूपक कशाला म्हणायचं यावरून भांडणं सुरू होतात. एकाला सगळीकडे रूपकं दिसतात, दुसऱ्याला कुठंच नाही. २००७ साली दहा अभ्यासकांच्या गटाने यासाठी एक रीत घालून दिली. गटाचं नाव ‘प्रॅगल्जॅझ’, दहा जणांच्या नावांची आद्याक्षरं जोडून केलेलं. रीत अशी: पूर्ण उतारा वाचा. मग शब्द-शब्द घ्या. इथे या शब्दाचा अर्थ काय? याच शब्दाचा आजही वापरात असलेला, हाताला लागेल, डोळ्यांना दिसेल असा साधा अर्थ आहे का? दोन्ही वेगळे आहेत, पण एकावरून दुसरा समजतो, असं असेल तर खूण करा. साधा अर्थ ठरवायला शब्दकोश हाताशी ठेवा. आमच्याकडे दाते-कर्व्यांचे खंड ग्रंथालयाच्या खालच्या फळीवर असतात आणि ते उचलणाऱ्याच्या हाताला काळं लागतं.

मराठी उतारे घेऊन बसा, मजा येते. ‘गुंतवणूक’ घ्या. दोरा गुंततो, पाय गुंततो, जीव गुंततो, तसाच पैसा गुंततो. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी कपडा चढवणं आहे, आपल्याकडे अडकून पडणं. ‘बुडीत कर्ज’, ‘भाव चढले’, ‘बाजार तापला’, ‘धंद्याने तग धरला’. यांतली कित्येक रूपकं मेल्यात जमा आहेत, बोलणाऱ्याच्या मनात पाणी किंवा दोरा येतही नाही. म्हणून नुसत्या मोजदादीवरून ‘उद्योजिका व्यवसायाला पाणी समजतात’ असा निष्कर्ष काढू नका. बोलणारी व्यक्ती ते उपमान पुढे फुलवते का, ते बघा. ‘पैसे बुडाले’ ही सवय आहे. ‘पैसे बुडाले, मी काठावर उभी राहून बघत होते, उडी मारायची तर पोहता कुठं येतं’ हे रूपक जिवंत आहे.

‘बसणे’ने मात्र आम्हाला चांगलंच बसवलं. जम बसतो तेव्हा चांगलं. घडी बसते तेव्हाही चांगलं. पण धंदा बसतो तेव्हा वाईट. इंग्रजी माध्यमातून आलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने “नोटाबंदीत धंदा बसला” याचं इंग्रजी केलं ते ‘स्थिरावला’ अशा अर्थाचं. आजी तिची साताऱ्याची, घरात मराठी, तरी हे झालं. २०१६ च्या नोव्हेंबरात ज्या बाईंचे डबे निम्म्यावर आले, त्या तिच्या तक्त्यात ‘स्थैर्य’ या थीमखाली जाऊन बसल्या होत्या. कोडिंग, म्हणजे उताऱ्यांना थीमची लेबलं लावणं, तपासताना मी मूळ मराठी मागितलं म्हणून कळलं. बाहेरच्या परीक्षकांना फक्त इंग्रजी जातं. त्यांना कधीच कळलं नसतं.

भाषांतर: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

आपलं मुंबईतलं संशोधन बहुतेक वेळा मराठीत ऐकलं जातं आणि इंग्रजीत लिहिलं जातं. मधल्या पुलावर रूपकाची अदलाबदल होते आणि ती कुणाला दिसत नाही. माणसाचं उपमान उतरवून ठेवलं जातं आणि पुस्तकातलं चढवलं जातं.

दुसऱ्या एका विद्यार्थिनीने २०२१ च्या जूनमध्ये मुलुंडच्या एका बाईंची फोनवर मुलाखत घेतली. पोळी-भाजीचे डबे करणाऱ्या. घरात विलगीकरणात असलेल्या माणसांना डबे हवे होते, त्यामुळे वीसचे सत्तर डबे झाले होते. त्या म्हणाल्या, “आता जरा धंद्याने बाळसं धरलंय.” मसुद्यात ते ‘स्केल-अप झाला’ असं आलं. बघा, काय हरवलं. स्केल म्हणजे मोजपट्टी, आकडा. बाळसं हे आकड्याचं नावच नाही. बाळसं आईच्या डोळ्यांना दिसतं, कुणी जास्त कौतुक केलं तर दृष्ट लागेल म्हणून ती ते चारचौघांत बोलत नाही, आणि ते टिकेल याची तिला खात्री नसते. त्या बाईंनी जाहिरातीचा फलक का लावला नव्हता, हा मुलीचा खरा प्रश्न होता. उत्तर त्या एका शब्दात होतं आणि भाषांतराने तेच पुसलं.

धंद्याला लेकरू मानणं जगभर आहे. मेलिसा कार्डन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी २००५ साली पालकत्वाचं हे रूपक पद्धतशीर वापरून उद्योजकाची ओढ समजून घ्यायचा प्रयत्न केला: गर्भधारणेपासून बाळपण, वाढ आणि मोठं होऊन वेगळं होण्यापर्यंत. तोट्यातला धंदाही माणूस का सोडत नाही हे त्यातून छान उलगडतं. पण हे रूपक इंग्रजीतलं वाचून आपल्या माणसांवर लावू नका, कारण आपल्याकडे त्या लेकराचे नातेसंबंध निराळे आहेत. मसाल्याचा घरचा ब्रँड मोठ्या कंपनीला विकलेले एक काका मला भेटले. लालबागेत डंकावर मसाला कुटून सुरुवात केलेली. मी धीर करून विचारलं, “विकताना जड गेलं का?” म्हणाले, “विकलं नाही हो. लेक सासरी दिली. घरात ठेवून घ्यायची असते का कायमची?” इंग्रजीत लेकरू विकणं हा अपराध होईल. इथे मात्र वेळेवर देणं हेच बापाचं कर्तव्य. आणि पुढचं वाक्य त्याहून महत्त्वाचं: “पण नांदते कशी ते बघायला जातो.” दर महिन्याला ते दुकानातून स्वतःच्याच जुन्या मसाल्याचं पाकीट विकत घेतात, वास घेतात, तिखट कमी झालंय म्हणून बायकोशी बोलतात. विक्रीनंतर संस्थापकाचं काय होतं, असा एक अख्खा विषय या वाक्यात आहे. ‘एग्झिट’ हा शब्द वापरला असता तर तो दिसलाच नसता. एग्झिट म्हणजे दारातून बाहेर पडणं. माहेर संपत नाही.

उलट्या बाजूनेही फसगत होते. सरस सरस्वती यांनी २००१ साली आणि त्यापुढे मांडलेला विचार आमच्या मुलांना फार आवडतो. अनुभवी उद्योजक आधी ध्येय ठरवून साधनं शोधत नाहीत. हाताशी काय आहे, आपण कोण, ओळखी कुणाच्या, इथून ते सुरुवात करतात. यादी घेऊन बाजारात जाणारा स्वयंपाकी आणि फडताळात आहे त्यातून रांधणारा स्वयंपाकी, असा तो फरक. त्यातल्या एका तत्त्वाला त्यांनी तुकडे जोडून केलेल्या रजईचं नाव दिलं: जो भागीदार येईल तो आपला तुकडा घेऊन येतो आणि नक्षी जोडता जोडता ठरते. मुलं लगेच लिहितात, ‘गोधडी’. ऐकायला गोड, पण गोधडीतले तुकडे भागीदारांनी आणलेले नसतात. ते घरातलेच, आईच्या नऊवारीचे, वडलांच्या धोतराचे, वापरून मऊ झालेले. गोधडी म्हटलं की त्या तत्त्वात नसलेली जुनेपणाची, आठवणीची ऊब आत शिरते. ती तुमच्या मुलाखतींत असेल तर जरूर म्हणा गोधडी, पण मग तो सरस्वतींचा मुद्दा राहत नाही, तुमचा होतो, आणि तसं लिहावं लागतं.

‘जुगाड’चंही तेच. टेड बेकर आणि रीड नेल्सन यांनी २००५ साली २९ छोट्या कंपन्यांवरून दाखवलं की काही जण टाकाऊ, फुकट पडलेल्या गोष्टींतून धंदा उभा करतात. त्यासाठी त्यांनी फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेवी-स्ट्रॉस यांचा ‘ब्रिकोलाज’ शब्द घेतला. ब्रिकोलाजला जुगाड म्हटलं की त्याला थोडा चलाखीचा वास येतो. माझी आई ‘भागवणं’ म्हणायची. भागवण्यात चलाखी नसते, मन मारणं असतं.

म्हणून वहीत चार रकाने पाडा. पहिल्यात मूळ शब्द जसाच्या तसा, मालवणी असेल तर मालवणी. दुसऱ्यात त्याचा साधा अर्थ. तिसऱ्यात तुम्ही इंग्रजीत काय लिहिणार. चौथा रकाना ‘यात काय सांडलं?’. चौथा रिकामा राहिला तर मी वही परत देते. प्रबंधातही मूळ शब्द रोमन लिपीत ठेवा आणि पुढे दोन ओळी समजावून सांगा. परीक्षक कुरकुरतात, पण परीक्षकांचं ते कामच आहे.

उपमान बदलून बघा

उतारे हाताशी आले, रूपकं सापडली. आता त्यांचा उपयोग. डोनाल्ड शॉन यांनी १९७९ साली लिहिलेला एक किस्सा मी फळ्यावर चित्र काढून सांगते. कृत्रिम केसांचा रंगाचा ब्रश नैसर्गिक केसांच्या ब्रशासारखा रंग देत नव्हता, रंग गोळ्यागोळ्याने उतरायचा. संशोधक केस बारीक करून बघत होते, टोकं चिरून बघत होते. एकजण म्हणाला, “ब्रश म्हणजे एक प्रकारचा पंपच की!” आणि सगळ्यांची नजर केसांवरून केसांमधल्या फटींवर गेली. रंग फटींतून वाहतो, ब्रश वाकला की तो ढकलला जातो. मग लक्षात आलं की नैसर्गिक केस हळूहळू वाकतात आणि कृत्रिम केस काटकोनात मोडल्यासारखे. कच्चा माल तोच, प्रश्न नवा.

शॉन यांचं दुसरं उदाहरण आपल्याला जास्त लागू आहे. झोपडवस्तीला रोग मानलं की उपाय कापून काढण्याचा सुचतो; तिला नैसर्गिक वाढलेला समाज मानलं की जपण्याचा. त्यांच्यासमोर अमेरिकी शहरं होती, पण १९७१ चा आपला कायदा पाहा: महाराष्ट्र झोपडपट्टी (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम. निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणं. आपण ते हिवतापाचं करतो. नंतर आलेल्या प्राधिकरणाच्या नावात ‘पुनर्वसन’ आहे, म्हणजे पुन्हा वसवणं. शब्द सौम्य झाला, पण वसतो तो माणूस, भट्टी नव्हे. धारावीच्या कुंभारवाड्यात घर, चाक आणि भट्टी एकमेकांना चिकटून असतात. ‘पुनर्वसन’ या शब्दात राहायची जागा मावते, भट्टी मावत नाही. तिथल्या उद्योजकांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने हे आधी ओळखावं, नाहीतर त्याची प्रश्नावली सरकारी फॉर्मची नक्कल होते.

करून बघायचं कसं? रानडे रोडच्याच मुलाखतींवर आम्ही केलं. विद्यार्थ्याने स्पर्धेचं प्रकरण युद्धाच्या भाषेत लिहिलं होतं: मोर्चेबांधणी, प्रतिस्पर्धी, बाजारपेठ काबीज करणं. मी म्हटलं, युद्ध पुसून टाक आणि ‘लोकलचा डबा’ घाल, मग तेच उतारे पुन्हा वाच. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्या पोराला जास्त सांगावं लागलं नाही. डब्यात जागेसाठी धक्काबुक्की आहे, पण तीच माणसं उद्या पुन्हा भेटायची आहेत. तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळते, अर्धी, पण मिळते. सरकून घेणं हा नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला सगळा डबा ऐकवतो. आता त्याला उताऱ्यांत ती वाक्यं दिसू लागली, जी त्याने ‘इतर’मध्ये टाकली होती: शेजारची बाई जेवायला गेली की तिचं गिऱ्हाईक सांभाळणं, सुट्टे देणं, पालिकेची गाडी येतेय अशी हाक पुढच्या स्टॉलपर्यंत पोचवणं. युद्धाला या वाक्यांचं काय करायचं कळत नव्हतं. लोकललाही सगळं कळतं असं नाही. कोपऱ्यावरची जागा पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराकडे कशी राहते, हे लोकल सांगू शकत नाही. गाडीत वारसा नसतो. ते लिहून ठेवायचं. एका रूपकावर पूर्ण प्रबंध टेकवू नका, किमान दोन आलटून-पालटून लावा आणि दोन्ही कुठं अडतात ते सांगा.

तयार मालाबद्दल थोडक्यात

ग्रंथालयात तयार रूपकं भरपूर आहेत. गॅरेथ मॉर्गन यांनी १९८६ साली संघटनेकडे बघायच्या आठ चौकटी मांडल्या: यंत्र, सजीव, मेंदू, संस्कृती, राजकारण, मनाचा तुरुंग, सतत बदलता प्रवाह, वर्चस्वाचं हत्यार. प्रत्येक चौकट काही दाखवते आणि काही झाकते, हे त्यांचं म्हणणं मुलं पाठ करतात, पण मग एकच चौकट उचलतात, बहुधा यंत्राची. हॅनन आणि फ्रीमन यांनी १९७७ मध्ये कंपन्यांकडे प्राण्यांच्या समूहासारखं पाहिलं, परिस्थिती कुणाला टिकवते असं. कोहेन, मार्च आणि ओल्सन यांचं १९७२ चं ‘कचरापेटी’ हे निर्णयप्रक्रियेचं रूपक कॉलेजच्या समितीत बसलेल्या कुणालाही समजावावं लागत नाही: प्रश्न, उत्तरं, माणसं, संधी सगळं एका पेटीत पडतं आणि जे शेजारी येईल ते जुळतं. ‘युनिकॉर्न’ हे आयलीन ली यांनी २०१३ साली अब्ज डॉलरच्या नवकंपन्यांना दिलेलं नाव. तेव्हा त्यांच्या मोजणीत ३९ भरल्या, म्हणून दुर्मिळ प्राणी. आता एकट्या भारतात शंभरावर मोजल्या जातात, तरी नाव तेच. दुर्मिळाचा कळप.

आणि हो, डबेवाले. दरवर्षी एक तरी सिनॉप्सिस डबेवाल्यांवर येतो आणि त्यात ‘सिक्स सिग्मा’, म्हणजे चुका जवळपास शून्यावर आणायचा कारखानी मापदंड, असतंच. मी हरकत घेत नाही, एवढंच विचारते: हे यंत्राचं रूपक आहे, ते चुका मोजतं, मग आषाढीला वारीला जाणारा, डबा पोचवण्याला अन्नदान म्हणणारा माणूस त्यात कुठं मोजलास? बहुतेक वेळा विषय बदलतो.

‘मुळे’ हा प्रत्यय जपून वापरा

रूपकामुळे माणसं तसा विचार करतात, असं लिहायचा मोह होतो. २०११ साली थिबोडो आणि बोरोडिट्स्की यांनी लोकांना एका काल्पनिक शहरातल्या गुन्हेगारीचं वर्णन दिलं, काहींना हिंस्र पशू म्हणून, काहींना विषाणू म्हणून. पशू वाचलेल्यांचा कल पोलीस, पकडापकडी यांकडे जास्त गेला. विषाणूवाल्यांचा मूळ कारणं सुधारण्याकडे. हा प्रयोग सगळे सांगतात. २०१४ साली स्टीन आणि सहकाऱ्यांनी पुन्हा करून पाहिला तेव्हा तो परिणाम त्यांना मिळाला नाही, हे फार कुणी सांगत नाही. तुमच्याकडे पंधरा-वीस मुलाखती आहेत. त्यांवरून ‘चूल म्हटल्यामुळे त्या विस्तार करत नाहीत’ असं सिद्ध होत नाही. विस्तार न केल्यामुळे त्या चूल म्हणत असतील, हेही शक्य आहे. ‘या शब्दातून त्यांचा हिशोब असा दिसतो’ एवढंच म्हणा. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, वाचाल.

शेवटी, परत जा

हे बहुतेक जण टाळतात, कारण तोवर मुदतवाढीचा अर्ज करायची वेळ आलेली असते. पण उतारे घेऊन त्या माणसांकडे पुन्हा जा आणि त्यांचा शब्द त्यांना वाचून दाखवा.

मुलुंडच्या बाईंकडे आम्ही २०२२ च्या दिवाळीनंतर गेलो. या वेळी मीही बरोबर होते. विलगीकरण संपलं होतं, ऑफिसं उघडली होती, सत्तरचे पंचवीस डबे झाले होते. चहा झाला. विद्यार्थिनीने वहीतली ओळ वाचली: “आता जरा धंद्याने बाळसं धरलंय.” बाई हसल्या. हात पदराला पुसत म्हणाल्या, “बाळसं कसलं ते! सूज होती गं. तेव्हा कळलं नाही.”

विद्यार्थिनीने पहिली ओळ खोडायला पेन काढलं. मी तिचा हात धरला. पहिल्या ओळीपुढे जून २०२१ लिहिलं, खाली दुसरी ओळ घेतली, तिच्यापुढे त्या दिवसाची तारीख घातली. चौथ्या रकान्यात काय लिहायचं यावर परतीच्या गाडीत दादरपर्यंत आमचं एकमत झालं नाही.